गुडघ्यावरचा धावदोरा

जीन्स एका दिवसात फाटत नाही. आधी गुडघ्यावरचा निळा रंग उतरतो, मग तिथलं कापड विरतं, मग उभे धागे तुटून आडव्या पांढऱ्या धाग्यांची जाळी उघडी पडते. ती जाळी एके दिवशी मोटारसायकलवर टांग टाकताना टर्रकन फाटते, तेव्हा कुठे आपण म्हणतो की जीन्स फाटली. दुरुस्तीची खरी वेळ त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बिंदुसरा धरण आणि त्याच्या शेजारचं पाली लागतं. या भागात धोतर आता म्हाताऱ्या माणसांपुरतं उरलंय. कपाशीवर फवारणी करणारा, डेअरीला दूध घालणारा, कॉलेजसाठी बीडला ये-जा करणारा, दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागणारा, सगळे जीन्समध्ये दिसतात. आणि त्यांच्याच घरांत, पत्र्याच्या पेटीवर किंवा कोपऱ्यातल्या खाटेवर, गोधड्यांची चळत असते. ज्या हातांनी त्या गोधड्या शिवल्या, ते हात फाटक्या जीन्सकडे मात्र वळत नाहीत. ती भांडीवालीला जाते, गाडी पुसायला जाते, नाहीतर उकिरड्यावर जाते. तिकडे जपानी हातशिलाईतला गोधडीसारखाच साधा टाका जीन्सवर उतरला आहे आणि तो शिकायला जगभरची माणसं पैसे मोजताहेत. हे दोन धागे एकमेकांना जोडावेत, एवढ्यासाठी हा लेख.

आधी डेनिम कसं विणतात ते पाहू, कारण दुरुस्तीचं सगळं गणित त्यात आहे. विणलेल्या कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. मांजरपाटात धागा एकावरून जातो, एकाखालून जातो. डेनिममध्ये ताण्याचा धागा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जातो आणि चौथ्याखाली शिरतो. शेजारच्या धाग्यात ही शिरण्याची जागा थोडी सरकते, म्हणून कापडावर तिरक्या रेघा उठतात. ताणा निळीत रंगवलेला असतो, बाणा पांढरा. साहजिकच कापडाची बाहेरची बाजू निळी दिसते आणि आतली पांढुरकी.

आता नीळ. हा रंग पाण्यात विरघळत नाही. त्यावर रासायनिक क्रिया करून तो विरघळवावा लागतो, तेव्हा द्रावण पिवळट-हिरवं होतं. त्यात बुडवलेला धागा बाहेर काढला की हवेतला ऑक्सिजन लागून पाहता पाहता निळा होतो. गिरणीत ताण्याच्या धाग्यांचे जाड दोर करून ते असे पुन्हा पुन्हा बुडवतात आणि हवेत फिरवतात. तरीही रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच बसतो, गाभा पांढरा राहतो. गुडघा टेकून, बैठकीवर घासून, खिशातल्या मोबाइलच्या कडेने हा बाहेरचा थर झिजला की आतला पांढरा गाभा दिसू लागतो. जीन्स विटली असं आपल्याला वाटतं, पण त्या जागी धागा बारीक झालेला असतो. बाहेरून ताणाच जास्त दिसतो, त्यामुळे घासही त्यालाच बसतो आणि तुटतोही तोच आधी. मागे दडलेला बाणा पुष्कळदा शाबूत राहतो. गुडघ्यावर लोंबणारे पांढरे धागे म्हणजे हा शिल्लक राहिलेला बाणा. बरेच जण ते कात्रीने साफ करून टाकतात. ते कापू नयेत, दुरुस्तीला ते फार उपयोगी पडतात.

जुनं कापड कुठे विरतं आणि कुठे टिकतं, हे आपल्याकडच्या बायकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नऊवारी लुगडं झिजायचं ते मधोमध, बसण्याच्या जागी. मग मधला विरलेला पट्टा काढून दोन्हीकडची धड टोकं एकमेकांना जोडायची, याला दंड घालणं म्हणायचे. दंड घातलेलं लुगडं आणखी काही महिने निघायचं. पुढे त्याचं बाळासाठी दुपटं व्हायचं, कारण शेकडो वेळा धुतलेल्या सुतासारखं मऊ दुसरं काही नसतं. उरलेलं गोधडीत जायचं, आणि गोधडीतूनही वाचलेल्या चिंध्या पोतेऱ्याला किंवा काकड्याला. कापडाचा इतका पूर्ण हिशेब ठेवणारी पद्धत मला दुसरीकडे क्वचित दिसली.

गोधडी शिवायची ती उन्हाळ्यात, शेतातली कामं उरकल्यावर. खाली एक लुगडं अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणायचं, त्यावर जुने सदरे, धोतरं, परकर उसवून सपाट पसरायचे. जिथे कापड विरलेलं असेल तिथे थर वाढवायचा. वरून दुसरं लुगडं घालायचं आणि कडेपासून आत आत येत धावदोरा घालत जायचा. बाई त्या कापडावरच बसते, म्हणजे थर हलत नाहीत. सुई प्रत्येक टाक्याला आरपार ओढली जात नाही. चार-सहा टाके सुईवर भरायचे आणि मग ती एकदम ओढायची, त्यामुळे ओळ सरळ येते आणि हाताला वेग राहतो. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक लिहून या कामाची नोंद केली, हे मोठं काम झालं. शेजारच्या कर्नाटकात गोधडीला कौदी म्हणतात, बंगालात कांथा, बिहारमध्ये सुजनी. टाका सगळीकडे हाच.

आता तो जपानी टाका. जपानच्या उत्तरेला त्सुगारू नावाचा प्रदेश आहे, आजच्या आओमोरी प्रांतात. तिथली थंडी हाडं गोठवणारी, बर्फ माणसाच्या उंचीच्या वर. एवढ्या थंडीत कापूस पिकत नाही. शेतकरी ताग-अंबाडीसारख्या वाखाचं जाडंभरडं, जाळीदार कापड घालत. त्यातून वारा आरपार जाई. त्यात १७२४ साली तिथल्या संस्थानाने काटकसरीचे हुकूम काढले आणि शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला मनाई केली. मग बायकांनी वाखाच्या निळ्या कापडात पांढऱ्या दोऱ्याचे इतके दाट टाके भरले की कापडाची सगळी छिद्रं बुजली. ऊब आली, खांदा-पाठ ओझ्याने झिजायची थांबली, आणि त्यातून नक्षीही उमटली. या कामाला कोगिन म्हणतात. जपानभर अशा टाक्यांच्या कामाला साशिको म्हणतात. आग विझवणाऱ्यांचे कोटसुद्धा अनेक थरांवर साशिको घालून केलेले असत. ते पाण्यात भिजवून अंगावर घालायचे, म्हणजे जाड कापड पाणी धरून ठेवी.

दक्षिणेकडून जहाजं उत्तरेला येत. त्यांत ओसाकासारख्या शहरांतल्या जुन्या सुती चिंध्याही असत, आणि उत्तरेच्या घरांत त्या विकत घेतल्या जात. चिंधीवर चिंधी लावून शिवलेल्या तिथल्या कपड्यांना आणि अंथरुणांना बोरो म्हणतात. तानाका चुझाबुरो या अभ्यासकाने आयुष्यभर गावोगाव फिरून हे कपडे गोळा केले. लोकांना ते दाखवायलाही लाज वाटायची. त्यांच्या संग्रहातल्या त्सुगारू आणि नानबू भागातल्या ७८६ साशिको वस्तूंना १९८३ मध्ये जपान सरकारने महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षण दिलं, आणि पुढे २००९ पासून दहा वर्षं तोक्योतल्या आसाकुसा भागात त्यांच्या बोरोंचं संग्रहालय चाललं. त्या संग्रहात एक जाड पट्टीसारखी चादर आहे, घरातल्या मागच्या पिढ्यांच्या कपड्यांचे तुकडे जोडून केलेली. घरात बाळंतपण व्हायचं ते तिच्यावर. आपल्याकडे आजीच्या लुगड्याचं दुपटं नातवाला गुंडाळतात, त्यामागची भावना वेगळी नाही.

या गोष्टीला मुंबईचाही एक धागा आहे. १८९१ मध्ये आओमोरीपर्यंत रेल्वे पोचली, गिरण्यांचं स्वस्त सुती कापड तिथे मिळू लागलं आणि कोगिन हळूहळू मागे पडलं. जपानच्या त्या गिरण्यांना कापूस लागत होता, तो मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जाई. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि निप्पोन युसेन या जहाज कंपनीने मिळून मुंबई ते कोबे अशी थेट मालवाहतूक सुरू केली, ती कापसाच्या गाठींसाठीच. म्हणजे दख्खनच्या कापसावर चालणाऱ्या मुंबई बंदराने जपानी शेतकऱ्याच्या अंगावरचं कापड बदलण्यात हातभार लावला होता.

साशिको आणि बोरोची आज जी कौतुकाने चित्रं छापली जातात, त्यांत एक गोष्ट निसटते. हे काम टंचाईतून आलं. कापूस घालायची बंदी होती, पैसे नव्हते, थंडी होती. आपल्या गोधडीचंही तेच. ऊसतोडीच्या फडावर कोपीत अंथरलेली गोधडी कुणी सौंदर्यासाठी शिवलेली नसते. तिचं देखणेपण हाताच्या सवयीतून येतं. म्हणून पालीतल्या एखाद्या मावशीला 'तुमचं ठिगळ जगात फॅशन झालंय' असं सांगणं मला उद्धटपणाचं वाटतं. ठिगळ लपवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं असतं. शाळेत ठिगळाच्या चड्डीवरून चिडवलेली मुलं आज बाप झाली आहेत आणि आपल्या मुलाच्या अंगावर ठिगळ दिसू नये म्हणून ती उधारीवर नवी जीन्स घेतात. ही लाज समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तरी महाराष्ट्रात ठिगळाला मान देणारीही परंपरा आहे. गाडगेबाबा चिंध्या जोडून केलेला अंगरखा घालत. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. हातात खराटा असलेल्या या माणसाच्या अंगावरची चिंधी कधी अस्वच्छ नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांसमोर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी राहणीमान बदलण्याचा आग्रह धरला, आणि कपड्याला ठिगळं असली तरी चालेल पण तो स्वच्छ असला पाहिजे, हेही त्यांनी सांगितलं. ठिगळाची लाज आणि घाणीची लाज या दोन गोष्टी त्यांनी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. चांगल्या हाताने, नेटकेपणाने लावलेलं ठिगळ उघड दिसलं तर त्यात कमीपणा नाही, हे मी याच जोरावर म्हणतो.

रफूचा मार्ग उलटा आहे. रफूगार मूळ कापडाचाच धागा घेऊन वीण पुन्हा भरतो आणि भोक कुठे होतं ते दिसू देत नाही. शालीला आणि भारी साडीला ते शोभतं. डेनिमला मात्र अदृश्य रफू सहसा साधत नाही, कारण जीन्सचा रंग रोज बदलत असतो. आज जुळलेला दोरा सहा महिन्यांनी वेगळा दिसतो. मग लपवायचं कशाला? पांढरा दोरा घ्यावा आणि दिसू द्यावा.

काम असं करायचं. जीन्स धुऊन वाळवून उलटी करायची. ठिगळासाठी जुन्या जीन्सच्या पोटरीमागचा तुकडा उत्तम, तिथलं कापड सगळ्यात कमी झिजलेलं असतं. ते नसेल तर जुन्या सदऱ्याचं किंवा धोतराचं सुती कापड दुहेरी करून चालतं. तुकडा आधी धुऊन घ्यावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि गुडघ्यावर चुण्या पडतात. तुकड्याचा आकार भोकावरून ठरवायचा नसतो. भोकाभोवती दोन-तीन बोटं कापड विरलेलं असतं, ते उजेडासमोर धरलं की दिसतं. ठिगळ त्या विरलेल्या भागाच्याही पलीकडे, धड कापडापर्यंत गेलं पाहिजे. विरल्या कापडात टाका घातला तर तो पहिल्याच ताणाला कापड कापत निघतो. ठिगळं पुन्हा फाटतात ती बहुतेक याच कारणाने.

तुकडा आतून लावून कडेने मोठे कच्चे टाके घालून टाचायचा. पायाच्या नळीत एखादी वही किंवा पाट सरकवला की मागचं कापड टाक्यात येत नाही. मग साबणाच्या झिजलेल्या वडीने बाहेरच्या बाजूवर समांतर रेघा मारायच्या, अर्ध्या बोटाहून कमी अंतरावर. सुई लांब, मोठ्या नेढ्याची, गोधडीला वापरतो तीच. दाभण नको, त्याने भोकं मोठी पडतात. दोरा सुती, जाडसर. नायलॉनचा दोरा मजबूत म्हणून मोह होतो, पण दोरा कापडापेक्षा चिवट असला तर ताण पडल्यावर कापडच कापलं जातं. दुरुस्तीत दोरा तुटलेला परवडतो, तो पुन्हा घालता येतो.

आता धावदोरा. एक रेघ जायची, दुसरीने परत यायचं. दुसऱ्या ओळीतला टाका पहिल्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर आला पाहिजे, विटांच्या भिंतीत सांधे सरकवतात तसा. त्यामुळे कुठल्याही एका रेषेवर सगळी भोकं येत नाहीत आणि कापड त्या रेषेवर फाटत नाही. जपानी पद्धतीत वर दिसणारा टाका खालच्यापेक्षा थोडा लांब ठेवतात, साधारण तीनास दोन. ओळ संपून वळताना मागच्या बाजूला दोऱ्याची छोटी सैल कडी सोडतात. ही कडी फार महत्त्वाची आहे. गुडघा वाकतो तेव्हा कापड ताणतं, धुतल्यावर दोरा आटतो, आणि दोन्हींसाठी थोडा सैल दोरा शिल्लक लागतो. चार-पाच टाके झाले की बोटाने ओळ हलकेच सरकवून सपाट करायची. लोंबणारे पांढरे धागे सरळ करून टाक्यांखाली घ्यायचे. मघाशी ते कापू नका म्हटलं ते यासाठी. भोकाची कड वरून बारीक टाक्यांनी बांधून घेतली की पुढे उसवत नाही.

हे ठिगळ का टिकतं? धावदोऱ्यात प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे दोन थर धरून ठेवते. ताण एका जागी न साचता सगळ्या ओळींवर वाटला जातो. एक दोरा तुटला तर फाट पुढच्या ओळीपाशी थांबते. शिवाय ठिगळ कापडासारखं लवचिक राहतं. मशीनवर पुढे-मागे करून मारलेली टीप दाट आणि कडक होते. मशीनच्या दुरुस्तीत ठिगळ शाबूत आणि त्याच्या अगदी कडेला नवी फाट, असं म्हणूनच दिसतं. यात टेलरला दोष देण्याचं कारण नाही. टेलरला आपण पाच मिनिटांचे पैसे देतो. आपले टेलर जीन्स उत्तम जाणतात. १९९५ मध्ये अहमदाबादच्या अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाने न शिवलेल्या जीन्सचं पाकीट १९५ रुपयांना काढलं होतं, आत कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि लेबल. ते पाकीट घेऊन लोक गावातल्या टेलरकडेच जात. मोहरी, चेन, कंबर, आसनाजवळ उसवलेली शिवण ही कामं मशीनचीच. गुडघा आणि मांडीच्या आतली विरलेली जागा हाताची. मांडीच्या आतल्या बाजूला ओळी जवळ जवळ, पण ठिगळ पातळ कापडाचं ठेवावं, नाहीतर चालताना काचतं.

हल्लीच्या पुष्कळ जीन्समध्ये थोडं रबरासारखं ताणणारं सूत असतं. त्यांना न ताणणारं ठिगळ लावलं की गुडघा वाकताना बाजूचं कापड तुटतं. तिथे ठिगळही जुन्या ताणणाऱ्या जीन्सचंच घ्यावं, तेही त्याच दिशेने ताणेल असं ठेवावं, आणि टाके सैल घालावेत. एरवी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा नियम हा की भोक पडण्याआधी, गुडघा पांढरा दिसू लागताच आतून पातळ कापड लावून चार-सहा ओळी घालाव्यात. तासाभराचं काम आहे.

एवढा खटाटोप एका पँटसाठी का, हा प्रश्न रास्त आहे. लिव्हाइस कंपनीने २०१५ मध्ये आपल्या एका जीन्सच्या पूर्ण आयुष्याचा हिशेब जाहीर केला. कापूस पिकवण्यापासून घरी धुण्यापर्यंत सुमारे ३,७८१ लिटर पाणी, आणि त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त कापसाच्या शेतातच. हा आकडा जसाच्या तसा बीडला लावता येणार नाही, आपल्याकडची बरीचशी कपाशी पावसावर येते. पण टँकरची वाट पाहिलेल्या आणि बिंदुसरेचा तळ उघडा पडलेला पाहिलेल्या माणसाला पाण्याचा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कापूस पिकवतो तो आपला जिल्हा, वेचणीला पाठ मोडते ती इथल्या बाईची, आणि त्याच कापसाची पँट गुडघ्यावरच्या बोटभर भोकासाठी टाकून द्यायची, हे मला पटत नाही.

२०११ च्या मार्चमध्ये त्सुनामीने जपानच्या इवाते प्रांतातलं ओत्सुची हे गाव वाहून नेलं. घर, बोट, काम सगळं गेलेल्या बायका निवारा छावण्यांत बसून होत्या. सुई-दोरा आणि कापड एवढ्यात सुरू होण्यासारखं काम म्हणून स्वयंसेवकांनी तिथे साशिकोचा प्रकल्प उभा केला. बायका टाके घालत, वस्तू विकल्या जात आणि मोबदला त्यांच्या हातात येई. आज त्या गावातल्या बायकांचं साशिको जीन्सवर, जॅकेटवर, बुटांवरही चालतं आणि चांगल्या किमतीला विकलं जातं. त्यांच्याकडून आपण घ्यावं ते कामाचं मोल ठरवण्याचं धैर्य.

कारण आपल्याकडे गोधडी शिवून देणाऱ्या बाईला लोक नगावर पैसे देतात, तेही घासाघीस करून. तिचे तास कुणी मोजत नाही. बीड जिल्ह्यात बचत गट गावोगाव आहेत आणि पापड-लोणच्यांच्या पलीकडे काय करावं हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. पुण्या-मुंबईत, संभाजीनगरात चांगली जीन्स दुरुस्त करून हवी असलेली माणसं आहेत, पण दुरुस्त करणारा हात त्यांना सापडत नाही. पालीत तो हात आहे. दोन गुडघे, आतून ठिगळ आणि नीट धावदोरा म्हणजे तीन-चार तासांचं कसबी काम होतं. त्याचा दर शेतमजुरीच्या अर्ध्या दिवसाहून कमी असता कामा नये. गटाने तो दर पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहावा आणि त्याखाली कुणासाठी उतरू नये, कारण एकदा स्वस्तात केलेलं काम पुढे कायम स्वस्तच मागितलं जातं.